मुलींसाठी वेगळे विज्ञान कशाला?

मुलींनी विज्ञानाकडे वळावे, याबद्दल आज उघड मतभेद फारसा उरलेला नाही. सरकारे त्यासाठी मोहिमा काढतात, कंपन्या शिष्यवृत्त्या देतात आणि शाळा खास दिवस साजरे करतात. अडचण उद्देशात नसून मार्गात आहे. मुलींना बोलावण्यासाठी जी चित्रे, जे शब्द आणि जी उदाहरणे निवडली जातात, त्यांत बऱ्याचदा तोच जुना समज दडलेला असतो, ज्याने त्यांना विज्ञानापासून दूर ठेवले. हे कसे घडते, त्याचा परिणाम काय होतो आणि त्याऐवजी काय करता येते, ते या लेखात पाहू.

जून २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने किशोरवयीन मुलींसाठी एक मोहीम सुरू केली. विज्ञान ही मुलींचीच गोष्ट आहे, अशा अर्थाचे तिचे नाव होते आणि इंग्रजीतील ‘सायन्स’ या शब्दातल्या एका अक्षराच्या जागी लिपस्टिक काढलेली होती. मोहिमेच्या छोट्या चित्रफितीत उंच टाचांच्या चपला आणि आखूड पोशाख घातलेल्या तीन तरुणी ऐटीत चालत येतात, पांढरा कोट घातलेला एक तरुण सूक्ष्मदर्शकातून डोके वर काढून त्यांच्याकडे पाहतो आणि मधूनमधून प्रसाधने व प्रयोगशाळेतील उपकरणे पडद्यावर झळकतात. त्या तिघी नेमके कोणते संशोधन करतात, हे मात्र कुठेच कळत नाही. स्वतः संशोधन करणाऱ्या अनेक स्त्रियांनीच यावर कडाडून टीका केली आणि काही दिवसांतच ती चित्रफीत मागे घेतली गेली. २०१५ मध्ये आयबीएमने अभियांत्रिकीतील स्त्रियांसाठी हेअर ड्रायर वापरून काहीतरी नवे करून दाखवण्याची मोहीम काढली. तीही टीकेनंतर माफी मागून बंद करावी लागली.

या मोहिमा काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे मला वाटत नाही. मुलींना विज्ञान रुक्ष वाटते, तेव्हा ते त्यांच्या आवडीच्या वेष्टनात दिले की त्या जवळ येतील, असा त्यांचा हिशेब होता. पण या हिशेबात दोन गोष्टी न तपासताच गृहीत धरल्या आहेत. सगळ्या मुलींची आवड एकच असते, ही पहिली. विज्ञान मूळ स्वरूपात त्यांना आवडणारच नाही, ही दुसरी. मुलीला हे कुणी तोंडाने सांगत नाही, तरी ते तिच्यापर्यंत पोहोचते, कारण लहान मुले आपण काय बोलतो यापेक्षा आपण काय गृहीत धरतो ते फार लवकर टिपतात.

एखाद्या समूहातील प्रत्येक व्यक्ती स्वभावाने आणि क्षमतेने सारखीच असते, असे मानणाऱ्या समजाला ठोकळेबाज समज म्हणता येईल. तो नेहमी कठोर शब्दांतच येतो असे नाही. कौतुकाच्या रूपातही तो येतो. “गणितात मुली मुलांइतक्याच हुशार असतात,” हे वाक्य घ्या. हेतू समानता सांगण्याचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एलेनॉर चेस्टनट आणि एलेन मार्कमन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, अशा रचनेचे वाक्य वाचणाऱ्यांनी, गणितात मुलेच मुळात अधिक निपुण असावीत, असा निष्कर्ष काढण्याची शक्यता वाढते. तुलना करताना आपण ज्याला मापदंड मानतो, तो आपोआप श्रेष्ठ ठरतो. “मुली आणि मुले गणितात सारखीच हुशार असतात,” असे म्हटले की हा दोष बराचसा टळतो. समानतेचे वाक्यही असमानता शिकवू शकते, हे प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वेष्टनाचा परिणाम काय होतो, याचीही चाचणी झाली आहे. मिशिगन विद्यापीठातील डायना बेट्झ आणि डेनिस सेकाक्वाप्तेवा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींना विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या क्षेत्रांत यश मिळवलेल्या तरुणींची ओळख करून दिली. काही मुलींपुढे आलेल्या तरुणी गुलाबी कपडे, मेकअप आणि फॅशनची आवड अशा ठळक स्त्रीसुलभ खुणांसह मांडल्या होत्या, तर इतर मुलींपुढे आलेल्या तरुणींच्या वर्णनात अशा खुणा नव्हत्या. पहिल्या प्रकारची ओळख झालेल्या मुलींचा गणितातील रस आणि स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळला. ज्या मुलींना हे विषय आधीपासूनच आपले वाटत नव्हते, त्यांच्यावर याचा परिणाम अधिक प्रतिकूल होता. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सजावट केली जाते, त्यांनाच ती सर्वांत जास्त दूर लोटते. विज्ञानातही यशस्वी व्हायचे आणि स्त्रीत्वाच्या साऱ्या अपेक्षाही पूर्ण करायच्या, हे दुहेरी यश त्या मुलींना आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले असावे, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप नोंदवला पाहिजे. शाळापूर्व वयाच्या मुलांवरील एका अभ्यासात, मुलग्यांची मानली जाणारी खेळणी गुलाबी रंगात दिली तेव्हा मुलींनी त्यांत अधिक रस दाखवला. मग गुलाबी रंगात बिघडले कुठे? रंगात काहीच बिघडलेले नाही. ज्या मुलीला तो आवडतो, तिने तो खुशाल वापरावा आणि प्रयोगशाळेतही वापरावा. परंतु खेळणे गुलाबी आहे म्हणून ते माझे, हा नियम एकदा पक्का झाला की, जे गुलाबी नाही ते माझे नाही, हेही त्याबरोबरच पक्के होते. पुढे भेटणारे पुस्तक, प्रयोगशाळा किंवा विद्यापीठातील वर्ग यांना कुणी रंग देत नाही. म्हणून क्षणिक आकर्षण आणि टिकणारी ओढ यांत फरक केला पाहिजे.

दरी नेमकी कुठे आहे?

उपायांकडे जाण्यापूर्वी अडचण नीट पाहिली पाहिजे, कारण चुकीच्या निदानातूनच चुकीच्या मोहिमा जन्मतात. क्षमतेचा मुद्दा आधी घेऊ. जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील दहा राज्यांच्या शालेय गणित चाचण्यांचे निकाल तपासले. ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या या माहितीत मुलगे आणि मुली यांच्या सरासरी कामगिरीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. दुसरे म्हणजे, ‘विज्ञान’ असे एकत्र बोलल्याने चित्र धूसर होते. जीवशास्त्र आणि वैद्यकाशी संबंधित विषयांत अनेक देशांमध्ये मुलींची संख्या मुलांइतकी किंवा त्यांच्याहून अधिक आहे. मोठी दरी दिसते ती भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्रात.

ही दरी काळानुसार आणि देशानुसार बदलते, हे मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचे तथ्य वाटते. १९४५-४६ मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकासाठी आज्ञावली रचण्याचे काम सहा स्त्रियांनी केले. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते, ते २०१० च्या आसपास १८ टक्क्यांपर्यंत घसरले. या काळात स्त्रियांचा मेंदू बदलला नव्हता. बदलली होती ती संगणकाची सामाजिक प्रतिमा. घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले आणि पदवीच्या वर्गात येणारे अनेक मुलगे आधीच सराव करून येऊ लागले, हे या घसरणीचे एक प्रमुख कारण मानले जाते. याउलट मलेशियात संगणकशास्त्र शिकणाऱ्यांमध्ये मुलींचे प्रमाण दीर्घकाळ निम्म्याच्या आसपास राहिले आहे. तेथे हे बैठे, सुरक्षित आणि स्त्रियांनाही शोभणारे काम समजले जाते. तोही ठोकळेबाज समजच आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे. जे निसर्गाने ठरवून दिलेले असते, ते अशा रीतीने देशाच्या सीमेवर उलटत नाही.

मग समज रुजतो कधी? आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप लवकर. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार पाच वर्षांच्या मुली ‘अतिशय बुद्धिमान’ व्यक्ती म्हणून स्त्रीची निवड जितक्या सहज करतात, तितक्याच सहज मुलगे पुरुषाची निवड करतात. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घटलेले दिसते. त्याच वयात, ‘फार फार हुशार मुलांसाठी’ असे सांगितलेल्या खेळात मुलींचा रस मुलग्यांपेक्षा कमी होता. ‘खूप प्रयत्न करणाऱ्या मुलांसाठी’ असे सांगितलेल्या खेळाबाबत मात्र असा फरक दिसला नाही. उपजत प्रतिभेला फार महत्त्व देणाऱ्या विद्याशाखांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कमी असते, हेही याच संशोधकांपैकी काहींनी २०१५ मध्ये दाखवले होते. भौतिकशास्त्र हा अलौकिक बुद्धीच्या मोजक्या माणसांचा प्रांत आहे, असे वर्गात कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा कुणाचेही नाव न घेता कुणाला तरी वगळले जाते.

हे समज घडवण्यात घराचाही वाटा असतो आणि तो बहुतेकदा नकळत उचलला जातो. केव्हिन क्रॉली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विज्ञान संग्रहालयात आलेल्या कुटुंबांचे निरीक्षण केले. उपकरण कसे वापरायचे, हे पालक मुलाला आणि मुलीला सारखेच सांगत होते, पण ते तसे का चालते, याचे स्पष्टीकरण मुलग्याला मिळण्याची शक्यता मुलीच्या तुलनेत सुमारे तिप्पट होती. यांतील कितीतरी मुले शाळेच्या वयाचीही नव्हती. मला ही नोंद अस्वस्थ करते, कारण त्या पालकांपैकी कुणीही, मुलीला कारण समजून काय करायचे, असा विचार जाणीवपूर्वक केला असेल असे वाटत नाही. शाळेतही असेच घडते. सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिली-दुसरीच्या वर्गांत पाहिले की, ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातील अनेक मुली वर्षअखेरीस, मुलगे गणितात आणि मुली वाचनात चांगल्या, असे मानू लागल्या आणि त्या मुलींची गणितातील प्रगतीही मागे राहिली.

आणखी एक कारण सहसा चर्चेत येत नाही. गणितात उत्तम असलेल्या मुली पुष्कळदा भाषेत त्याहून उत्तम असतात. थॉमस ब्रेडा आणि क्लोटिल्ड नॅप यांनी २०१९ मध्ये अनेक देशांतील १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासून दाखवले की, गणिताकडे वळण्याच्या इच्छेतील फरकाचा मोठा भाग या तुलनात्मक बलस्थानातून समजतो. दोन्ही विषयांत हुशार असलेल्या मुलीला सगळेजण, तुझी भाषा फार छान आहे, असेच सांगत राहिले, तर ती आपली वाट त्यावरून ठरवते. तिला गणित जमत नाही असे नसते. गणितही उत्तम जमते, हे तिला कुणी ठळकपणे सांगितलेले नसते.

मग करायचे काय?

सुरुवात भाषेपासून करता येते, कारण तिला खर्च येत नाही. मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात काहींना, आज आपण शास्त्रज्ञ होऊ या, असे सांगितले, तर काहींना, आज आपण विज्ञान करू या, असे सांगितले. नंतरच्या विज्ञानाच्या खेळात दुसरे वाक्य ऐकलेल्या मुली अधिक चिकाटीने टिकून राहिल्या. शास्त्रज्ञ म्हटले की डोळ्यांपुढे विशिष्ट माणूस उभा राहतो आणि आपण तसे नाही, ही शंका मनात येते. विज्ञान करणे म्हणजे मात्र निरीक्षण करणे, अंदाज बांधणे, मोजणे आणि चुकल्यास पुन्हा पाहणे. या कृती कुणालाही करता येतात. मुलीला ‘भावी वैज्ञानिक’ ही पदवी देण्यापेक्षा, तू आत्ता जे मोजलेस ते कशावरून बरोबर आहे, असे तिला विचारणे अधिक मोलाचे आहे.

अर्थात डोळ्यांपुढे उभा राहणारा तो माणूसही बदलतो आहे. १९६६ ते १९७७ या काळात डेव्हिड चेंबर्स यांनी जमवलेल्या जवळपास ५,००० मुलांच्या चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ फक्त २८ होत्या आणि त्या सगळ्या मुलींनीच काढल्या होत्या. १९८५ नंतरच्या अमेरिकेतील अभ्यासांत सरासरी २८ टक्के मुलांनी स्त्री शास्त्रज्ञ काढल्याचे २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. त्यामुळे प्रत्यक्ष स्त्री शास्त्रज्ञांची भेट घडवणे उपयोगी ठरते का, हा प्रश्न पुढे येतो. याचे चांगले उत्तर फ्रान्समधील एका मोठ्या प्रयोगातून मिळते. २०१५-१६ मध्ये पॅरिस परिसरातील शाळांत विज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या ५६ स्त्रियांनी वर्गांना सुमारे तासाभराची भेट दिली. शेवटच्या वर्गातील गणितात पुढे असलेल्या मुलींनी, मुलग्यांचेच प्राबल्य असलेल्या निवडक अभ्यासक्रमांना प्रवेश घेण्याचे प्रमाण त्यानंतर वाढले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विज्ञानात स्त्रिया किती कमी आहेत यावर भर देणाऱ्या भेटींपेक्षा, या क्षेत्रातील काम प्रत्यक्षात कसे असते आणि त्यात कोणत्या वाटा आहेत हे नीट उलगडणाऱ्या भेटी अधिक परिणामकारक ठरल्या. पाहुणीला ‘स्त्री असून’ हे यश कसे मिळवले असे विचारण्यापेक्षा, सध्या तिला कोणता प्रश्न सुटत नाही ते विचारावे. मुलींना त्यातून कितीतरी अधिक मिळते.

वर्गाचे स्वरूपही बोलत असते. सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, संगणकशास्त्राच्या खोलीत विज्ञानकथापटांची भित्तिचित्रे आणि व्हिडिओ गेमशी संबंधित वस्तू मांडलेल्या असल्या की तरुणींचा त्या विषयातील रस कमी होतो आणि त्या जागी साधी निसर्गचित्रे व इतर सामान्य वस्तू ठेवल्या की तो वाढतो. यासाठी खोली ‘मुलींची’ करावी लागली नाही. ती एका विशिष्ट प्रकारच्या मुलग्याची वाटणार नाही, एवढीच काळजी घ्यावी लागली.

विद्यापीठ पातळीवर याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतील दोन संस्थांतून मिळतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मध्ये ७ टक्के होते, ते २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. तेथे प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला दिले जाणारे वजन कमी करण्यात आले आणि नवशिक्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली गेली. हार्वे मड कॉलेजमध्ये २००६ च्या सुमारास हा विषय घेणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्के होत्या आणि काही वर्षांत त्या ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्या. तेथे पहिला अभ्यासक्रम पूर्वानुभवानुसार विभागला गेला, त्याचा भर वेगवेगळ्या विज्ञानशाखांतील प्रश्न सोडवण्यावर ठेवला गेला, वर्गात आपले ज्ञान मिरवणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षक खासगीत समजावू लागले आणि पहिल्याच वर्षानंतर विद्यार्थिनींना संशोधनाची संधी दिली गेली. काठिण्यपातळी कमी झाली नाही. यातील बहुतेक बदलांचा लाभ आधी कधी प्रोग्रॅमिंग न केलेल्या मुलग्यांनाही झाला. उपाय योग्य असल्याची ही माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण आहे.

काही उपायांत मात्र जुना साचा नव्या नावाने परत येतो. मुलींना समाजोपयोगी कामे आवडतात, म्हणून त्यांना विज्ञानाचा मानवी चेहरा दाखवावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. विज्ञान समाजाच्या उपयोगी पडते आणि ते बहुधा गटाने केले जाते, हे खरे आहे आणि ते सर्वच विद्यार्थ्यांना सांगायला हवे. पण मुलींना पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प आणि मुलग्यांना रॉकेटचा, अशी वाटणी सुरू झाली की आपण पुन्हा तेथेच येऊन पोहोचतो. कृष्णविवरांचा माणसाला थेट उपयोग नसला, तरी त्यांचे कुतूहल असलेली मुलगी असतेच. तिने आपल्या कुतूहलाचे समर्थन सेवाभावाने का करावे? अवकाशीय कल्पनेचेही असेच आहे. एखादी वस्तू मनात फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत सरासरी फरक आढळतो, पण सरावाने हे कौशल्य वाढते. शेरिल सोर्बी यांनी मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत १९९३ पासून यासाठी अभ्यासक्रम चालवला आणि तो केलेल्या विद्यार्थिनी अभियांत्रिकीत टिकून राहण्याचे प्रमाण सुधारले. हा सराव मुलींच्या उणिवेवरचा इलाज म्हणून दिला, तर लाभाबरोबर शिक्काही मिळतो. ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाला तो दिला की शिक्का राहत नाही.

केवळ मुलींसाठी असलेल्या कार्यशाळांचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. माझे मत असे की, त्या गैर नाहीत. मिश्र गटात उपकरण एकाच्या हाती आणि वही दुसरीच्या हाती, ही विभागणी इतक्या सहज होते की, काही काळ सर्व उपकरणे मुलींच्याच हातांत असणे उपयोगी ठरते. मात्र तेथील प्रयोग इतरत्र होणाऱ्या प्रयोगांइतकेच कसदार असले पाहिजेत आणि परतल्यावर मिश्र वर्गातही कामे आळीपाळीने फिरली पाहिजेत. ज्या मुलीने शनिवारी सर्किट जोडले आणि सोमवारी पुन्हा फक्त आकडे टिपले, तिच्या हाती फारसे काही उरत नाही.

केवळ मुलींचा आत्मविश्वास वाढवण्यावर भर देणारे कार्यक्रम अपुरे पडतात, तेही याच कारणाने. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०११ मध्ये इंग्लंडमधील ४९ टक्के मिश्र सरकारी शाळांतून एकही मुलगी ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या टप्प्यावर, भौतिकशास्त्राकडे गेली नाही. केवळ मुलींच्या शाळांतून हा विषय घेणाऱ्या मुलींचे प्रमाण याहून बरेच जास्त होते. विषय एकच, वयही तेच, तरी शाळेच्या वातावरणाने एवढा फरक पडत होता. पुढे या संस्थेने काही शाळांत एकाच वेळी तीन बाजूंनी काम केले. मुलींचा आत्मविश्वास, भौतिकशास्त्राच्या तासाची शिकवण आणि संपूर्ण शाळेच्या सवयी अशा त्या तीन बाजू होत्या. या शाळांत पुढील टप्प्यावर भौतिकशास्त्र घेणाऱ्या मुलींची संख्या दोन वर्षांत तिपटीहून अधिक झाली. शाळेच्या सवयी म्हणजे विषय निवडताना कोणाला काय सुचवले जाते, इतर विषयांचे शिक्षक भौतिकशास्त्राबद्दल काय बोलतात, पाठ्यसामग्रीत कोण दिसते आणि मुलग्यांनी भाषा किंवा मानसशास्त्र निवडले तर त्यांना काय ऐकावे लागते, हे सगळे. भौतिकशास्त्राच्या वर्गात मुली किती आहेत, हे मोजणाऱ्या शाळेने साहित्याच्या वर्गात मुलगे किती आहेत, तेही त्याच तक्त्यात नोंदवायला हवे.